राखण हरवलेले पाणी
(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला या व्यासपीठावर बोलावले की तो संतसाहित्यावर किंवा भाषेच्या भवितव्यावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी करमणुकीसाठी राखलेल्या मातीच्या लहान धरणांविषयी बोलणार आहे. मी अभियंता नाही. पण ज्या विषयात शेकडो सामान्य माणसांचे प्राण गुंतलेले असतात, तो विषय केवळ तज्ज्ञांच्या भाषेत राहू नये, तो आपल्या बोलीत उतरावा, ही भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी आहे असे मी मानतो. त्यातून आपण राहतो ते हैदराबाद. तलावांच्या काठाने आणि तलावांच्या पायथ्याशी वाढलेले हे शहर आहे. आपली मुले सहलीला तलावावर जातात, आपल्यापैकी कित्येकांनी तलावाच्या खालच्या अंगाला घरे बांधली आहेत. तेव्हा हा विषय परका नाही.

चार शब्दांची ओळख

प्रथम चार शब्द समजून घेऊ, कारण पुढचे सारे विवेचन त्यांवर उभे आहे.

मातीचे धरण म्हणजे दाबून बसवलेला मातीचा भराव. त्याच्या पोटात पाणी सहजी न झिरपणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते आणि पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती झिजू नये म्हणून दगड रचलेले असतात. त्याच्या वरच्या सपाट भागाला माथा म्हणतात. तळातून पाणी सोडण्याची वाट ती मोरी. तेलुगू शेजारी तिला तूमु म्हणतात. आणि तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते तो सांडवा. त्याला तेलंगणात अलुगु किंवा मत्तडि म्हणतात.

या सांडव्याविषयी दोन शब्द अधिक बोलतो. मराठीत 'सांडणे' या क्रियापदाला वाया जाण्याची छटा आहे. दूध सांडते, धान्य सांडते, आणि आपण हळहळतो. त्यामुळे सांडव्यावरून वाहणारे पाणी पाहून पुष्कळांना ते फुकट गेल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अशी की, मातीच्या धरणाचे आयुष्य सांडव्यावरच अवलंबून असते. दगडी बांधावरून काही काळ पाणी गेले तर तो बहुधा तग धरतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की ते खालच्या उताराची माती खरवडत नेते, घळ पडते, घळ मागे सरकत माथ्याला भिडते आणि काही तासांतच बांध दुभंगतो. म्हणून मातीच्या धरणाचा पहिला नियम असा की पाणी माथ्यावरून कधीही जाता कामा नये.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सांडव्यातून किती पाणी जाईल हे सांडव्याच्या रुंदीवर आणि त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या खोलीवर ठरते. पण खोलीच्या सरळ प्रमाणात ते वाढत नाही, तिच्या दीडाव्या घाताने वाढते. उदाहरणादाखल, सांडव्याच्या तळापासून धरणाच्या माथ्यापर्यंत १० फूट अंतर असेल आणि कोणी माथा ३ फूट खाली घेतला, तर आपण म्हणू की क्षमता ३० टक्क्यांनी घटली. प्रत्यक्षात ती सुमारे ४१ टक्क्यांनी घटते. डोळ्यांना थोडासा वाटणारा बदल पुराच्या दिवशी किती मोठा ठरतो, हे यावरून कळेल.

साउथ फोर्कचा तलाव

हा हिशेब कोरडा वाटला असेल. तो एका गावाला कसा भोगावा लागला ते आता सांगतो. ही हकिगत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील आहे.

त्या राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन्सटाउन येथील जलवाहतुकीच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून डोंगरात साउथ फोर्क या ओढ्यावर मातीचे धरण बांधले. उंची ७२ फूट, लांबी ९०० फुटांहून अधिक. तळातून पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ होते. १८५३ साली धरण पुरे झाले. पण तोवर आगगाडी आली होती आणि कालव्याचे दिवस संपत आले होते. १८५७ साली कालव्यासह धरणही रेल्वे कंपनीकडे गेले. कंपनीला त्याचा काही उपयोग नव्हता. १८६२ साली मोरीजवळ भराव खचून धरण फुटले, परंतु तलाव अर्धाच भरलेला असल्याने खाली फारशी हानी झाली नाही. पुढे १८७५ साली ते एका गृहस्थाने विकत घेतले आणि त्याच्याच मालकीच्या काळात तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले गेले. धरणाची मोरी अशा रीतीने मोडीत निघाली.

१८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी आणि शिकारीचा एक क्लब स्थापन झाला आणि त्याने हे धरण घेतले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन हे पोलाद आणि पेढीच्या व्यवसायातील पुरुष या क्लबाचे सभासद होते. त्यांना उन्हाळ्यात कारखान्यांच्या धुरापासून दूर एक निळे सरोवर हवे होते. धरणाचे खिंडार बुजवण्यात आले. त्या कामी माती, दगड यांबरोबर गवत, झाडोरा आणि शेणखतही वापरले गेले. काढलेले नळ पुन्हा बसवले गेले नाहीत. माथ्यावरून दोन बग्ग्या एकमेकींना ओलांडून जाव्यात इतका रस्ता रुंद हवा, म्हणून माथा २ ते ३ फूट खाली घेण्यात आला. तलावात आणून सोडलेले मासे पुराबरोबर वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या. सांडव्यावर पूल बांधला, त्याचे खांब सांडव्यातच उभे राहिले. शिवाय बांध मध्यभागी थोडा खचलेला होता. म्हणजे जेथे तो सर्वांत उंच असायला हवा, तेथेच सखल होता.

श्रोतेहो, या बदलांपैकी एकामागेही दुष्ट हेतू नव्हता. रस्ता रुंद व्हावा, मासे राहावेत, नौका फिराव्यात, एवढ्या साध्या इच्छा. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर किरकोळ. पण त्या सगळ्यांची बेरीज मांडली की दिसते ते असे: तळातून पाणी सोडण्याची सोय गेली, सांडवा अरुंद झाला, माथा खाली आला. आत येणारे पाणी मात्र पूर्वीइतकेच राहिले.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. खाली सुमारे १४ मैलांवर जॉन्सटाउन होते. तेथील लोखंडाच्या कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली आपले अभियंते जॉन फुल्टन यांना धरण पाहायला पाठवले. फुल्टन यांनी दोन दोष दाखवले. पाणी उतरवण्यास तळाला मोरी नाही, त्यामुळे धरण दुरुस्त करायचे म्हटले तरी तलाव रिकामा करता येत नाही. आणि केलेली डागडुजी अपुरी असून बांधातून मोठी गळती चालू आहे. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. क्लबाकडून उत्तर आले की तुमच्या लोकांना आमच्यापासून काही धोका नाही. १८८५ साली मॉरेल वारले आणि पाठपुरावा करणारा माणूस उरला नाही. गावकरीही दर पावसाळी हंगामात 'धरण फुटणार' ही आवई ऐकून इतके सरावले होते की 'लांडगा आला रे आला' या गोष्टीसारखी तिची गत झाली.

३१ मे १८८९, शुक्रवार. आदल्या रात्री अतिवृष्टी झाली होती. सकाळी तलावाचे पाणी झपाट्याने चढताना दिसले, तेव्हा क्लबाच्या अध्यक्षांनी मजूर लावून माथ्यावर माती टाकली, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदण्याचा प्रयत्न केला, माशांच्या जाळ्या मोकळ्या करण्याची खटपट केली. केरकचऱ्याने तुंबलेल्या त्या जाळ्या आता हलेनात. एका तरुण अभियंत्याने घोड्यावरून खालच्या गावी जाऊन इशारा दिला, तारा गेल्या. त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. दुपारी ३च्या सुमारास बांध फुटला. सुमारे १ कोटी ४५ लाख घनमीटर पाणी दरीतून सुटले आणि तासाभरात जॉन्सटाउनवर आदळले. २,२०९ माणसे मेली. ९९ कुटुंबे समूळ नाहीशी झाली. ७७७ मृतांची ओळख पटली नाही. त्यांच्यासाठी गावाच्या दफनभूमीत नाव नसलेल्या शिळांच्या ओळी आहेत.

पुढे खटले झाले. क्लबाकडून एकाही पीडिताला न्यायालयीन भरपाई मिळाली नाही. ही दैवी आपत्ती होती, असा निष्कर्ष सोयीचा ठरला. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीचा अहवाल १८९१ साली प्रसिद्ध झाला. क्लबाने बदल केले नसते तरी त्या पुरात पाणी माथ्यावरून गेलेच असते, असे त्यात म्हटले होते. हा निर्वाळा सव्वाशे वर्षे टिकला. २०१६ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेतील भूशास्त्रज्ञांनी नव्याने मोजमाप करून आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ आराखड्याप्रमाणे माथा उंच असता, दोन्ही सांडवे आणि पाचही नळ चालू असते, तर धरणाने तो पूर निभावला असता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पाऊस दैवाधीन होता; माथा, जाळ्या आणि नळ दैवाधीन नव्हते.

टोकोआची मध्यरात्र

कोणी म्हणेल, ७२ फुटांचे धरण लहान कसे? आणि धनिकांच्या विलासाची कथा आपल्याला काय शिकवणार? म्हणून दुसरे उदाहरण घेतो. ते अगदी लहान धरणाचे आहे आणि एका शिक्षणसंस्थेचे आहे. शाळेच्या सभागृहात ते सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे एक धार्मिक महाविद्यालय आहे. तेथील धबधब्याच्या वर केली बार्न्स नावाचे धरण होते. १८९९च्या सुमारास छोट्या वीजगृहासाठी लाकूड आणि दगडांचा बांध घातला गेला. पुढे तो संस्थेकडे आला, त्यावर मातीचा भराव चढवून त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. अखेरीस ती सुमारे ३८ फूट झाली. लांबी सुमारे ४०० फूट. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि त्यानंतर तो तलाव केवळ करमणुकीचा उरला.

आता विचार करा. वीज निर्माण होत होती तोवर पाण्याच्या पातळीकडे पाहणे हे कोणाचे तरी रोजचे काम होते. पाणी घटले तर दिवे मंदावणार, म्हणजे लक्ष जाणारच. वीजगृह बंद पडले आणि रोज धरणाकडे पाहण्याचे कारणच संपले. खालच्या उतारावर झाडे वाढली. १९७३च्या एका छायाचित्रात तर त्या उताराचा काही भाग घसरलेला स्पष्ट दिसतो. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, दिवसेंदिवस पडलेल्या पावसानंतर, रात्री दीडच्या सुमारास धरण फुटले. खालच्या अंगाला विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची वस्ती होती. ३९ माणसे गेली, त्यांत बरीचशी लहान मुले होती. चौकशी मंडळाला कोणतेही एकच कारण निश्चित करता आले नाही. उतार फार उभा होता, तो घसरला असावा, पाझरामुळे आतली माती वाहून गेली असावी, अशा कारणांचा मेळ त्यांनी सांगितला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः जॉर्जियाचे. त्यांनी या घटनेनंतर देशभरच्या धोकादायक ठिकाणच्या खाजगी धरणांची तपासणी करण्याचा आदेश दिला. तसा कायदा १९७२पासून अस्तित्वात होता. त्याला चालना मिळायला ३९ प्राण लागले.

या दोन्ही धरणांच्या कथेत मला एकच सूत्र दिसते. धरण कामासाठी बांधले जाते तेव्हा त्याला राखणदार असतो. काम संपते, धरण उरते. मग कोणाला तरी त्याच्या सौंदर्याची आठवण होते आणि ते करमणुकीचे स्थान बनते. नव्या धन्याला पाणी हवे असते, बांधाशी त्याला कर्तव्य नसते. जलाशयाची मौज वरच्यांची आणि बांधाची जोखीम खालच्यांची, अशी वाटणी होते; आणि जोखीम ज्यांच्या वाट्याला येते त्यांना बांधावर पाऊल ठेवण्याचाही अधिकार नसतो.

आपले तलाव, आपला कायदा

आता घरी येऊ. हुसेनसागर १५६२ साली बांधला गेला. त्याचा बांध म्हणजे दोन शहरांना जोडणारा आपला टँक बंड. आज आपण त्यावर हवा खायला जातो, नौकेतून बुद्धमूर्तीपर्यंत जातो. दुर्गम चेरुवु एके काळी गोवळकोंड्याला पाणी पुरवीत असे. आज तेथे नौकाविहार आहे आणि २०२०पासून केबलच्या आधारावरचा पूल. म्हणजे कामाचे तलाव करमणुकीचे होण्याची प्रक्रिया आपल्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने या शहराची जी दैना केली, तिच्या आठवणी आपल्या जुन्या घराण्यांतून अजून ऐकू येतात. निजाम सरकारने त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे म्हणून मराठी मुलुखाला ते आधीच परिचित होते. त्यांनी नोंदवले की मुसीच्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ तलाव त्या पुरात फुटले. हे तलाव एकेकटे पाहिले तर लहानच. पण वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यात येते, खालचा सांडवा तेवढ्या पाण्यासाठी बांधलेलाच नसतो, तोही फुटतो. माळेचा दोरा तुटून मणी ओघळावेत तशी ही मालिका खाली येते. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे मोठे जलाशय त्या अनुभवातून जन्मले. पण लहान तलावांचा प्रश्न संपला नाही. ऑक्टोबर २०२०मधील अतिवृष्टीत गुर्रम चेरुवुचा बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपण सर्वांनी पाहिले.

महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ रोजी पानशेतने हा धडा दिला. २ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून पायथ्याची वस्ती वाहून गेली. बांधाला गळती असल्याचे ग्रामस्थांनी आधीच सांगितले होते. पुढे खेकड्यांनी धरण पोखरले, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि त्यावर सर्वत्र हसे झाले. मला मात्र त्यात हसण्यापेक्षा विचार करण्याजोगे अधिक वाटते. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या बांधात बिळे करतात हे खरेच आहे. प्रश्न इतकाच की खेकडा बीळ एका रात्रीत करीत नाही. ते बीळ पाहण्याचे काम कोणाकडे होते?

यावर आपला कायदा काय म्हणतो? भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. तो १५ मीटरांहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो काही अटींवर लागू होतो: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पायाची वा रचनेची काही विशेष अडचण. मोठ्या धरणांसाठी हा कायदा उपकारक आहे, यात शंका नाही. पण केली बार्न्स धरण या मापाने मोजून पाहा. उंची १२ मीटरांहून थोडी कमी. लांबी सुमारे १२२ मीटर. फुटतेवेळचा साठा ८ लाख घनमीटरांहून थोडा कमी. लांबी आणि साठा या दोन्ही कसोट्यांवर ते बाहेर पडते, आणि एवढ्याशा ओढ्याचा पूर तिसरीपर्यंत पोहोचणे अवघड. ३९ माणसांचा बळी घेणारे धरण आपल्याकडे या कायद्याच्या नजरेत बहुधा आलेच नसते. १० मीटरांखालची धरणे तर या मोजणीतच नाहीत. शेतघरे, विश्रामधामे, उद्याने, शिक्षणसंस्था यांच्या आवारातील तळी बहुतेक याच वर्गातली. कायदा उंची मोजतो. पायथ्याशी किती घरे आहेत हे या व्याख्येत मोजले जात नाही.

पाहण्याची विद्या

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे नागरिकांचे डोळे पोहोचले पाहिजेत. बांध पाहायला पदवी लागत नाही, सवय लागते. काय पाहावे ते थोडक्यात सांगतो.

माथ्यावर उभे राहून एका टोकाकडून दुसऱ्याकडे नजर लावावी. माथा मध्ये खचलेला दिसतो का? लांबीच्या दिशेने भेगा पडल्या आहेत का? काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बांधातही तेच होते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून आत जाते.

मग पाण्याच्या उलट बाजूच्या उतारावर उतरावे. बहुतेक सहली येथवर येतच नाहीत, आणि खरे वाचायचे पान हेच असते. उन्हाळ्यात एखादाच पट्टा हिरवागार असेल तर आत पाझर आहे. पाझर असणे हे मातीच्या धरणाला नवीन नाही. प्रत्येक मातीचे धरण थोडे झिरपते. पाहायचे ते पाण्याचा रंग. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नोंद ठेवावी. गढूळ पाणी येऊ लागले तर समजावे की पाण्याबरोबर बांधाची मातीही चालली आहे. आतल्या आत बोगदा पडतो आहे. त्या क्षणी वरिष्ठांना कळवणे आणि खालच्या लोकांना सावध करणे, याला पर्याय नाही. पाझर मोजण्यासाठी एक बादली आणि एक घड्याळ पुरते. बादली भरायला गेल्या वर्षी किती वेळ लागला आणि यंदा किती, ही तुलना साध्या माणसालाही करता येते.

बांधावर मोठी झाडे असू नयेत. सावलीसाठी झाडे लावणाऱ्यांना हे कटू वाटेल. पण मुळे भरावात खोल जातात, झाड वाळले की ती कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. वाढलेले मोठे झाड मात्र कोणी आपल्या मनाने उपटू नये. ते कसे काढायचे हे जाणकाराने ठरवावे. बिळे दिसली तर ती दाखवून बुजवून घ्यावीत. मोरीचा दरवाजा वर्षातून एकदा तरी उघडून पाहावा, कारण न हललेला दरवाजा हवा तेव्हा हलत नाही. आणि सर्वांत शेवटी सांडवा. त्यात जाळी नको, भिंत नको, दुकान नको, गाळ आणि झुडपे नकोत. तलाव भरलेला दिसावा म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचण्याचा मोह पडतो. साउथ फोर्कच्या माशांच्या जाळ्या तेव्हा आठवाव्यात.

राखण

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. तेलंगणाच्या गावांतून तलावाचे पाणी वाटणारा आणि बांधावर नजर ठेवणारा 'नीरटि' असे. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या होते. गोव्याच्या खाजणांत बांध आणि मानशी सांभाळणे ही गावकरीची जबाबदारी होती. हे सर्व शब्द एकाच गोष्टीची नावे आहेत. ज्याने पाणी अडवले त्याने ते राखले पाहिजे. मराठीत त्याला 'राखण' हा सुंदर शब्द आहे; त्यात मालकी नाही, पहारा आहे आणि माया आहे. हे शब्द आपल्या बोलण्यातून गेले, त्याआधी ती माणसे बांधावरून गेली होती.

म्हणून या संस्थेपुढे एक साधी सूचना ठेवतो. आपल्या शाळेने जवळचा एखादा लहान तलाव परवानगी घेऊन आपला मानावा. तेथे नौकाविहाराच्या सहली जरूर जाव्यात. पण दरवर्षी दोन वेळा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, नववीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर बांधाच्या खालच्या अंगाने फिरावे आणि एका वहीत नोंद करावी. कोठे ओल आहे, बादली किती वेळात भरली, सांडवा मोकळा आहे का, पायथ्याशी नवी घरे किती झाली. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाने वर्षातून एक सकाळ द्यावी, वही तपासावी आणि आवश्यक तेथे संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे. ज्यांच्या स्वतःच्या शेतावर, आवारात अशी तळी आहेत, त्यांनी तर या कामाला स्वतःच्या बांधापासून आरंभ करावा. मॉरेल गेल्यावर जॉन्सटाउनमध्ये पाठपुरावा करणारा कोणी राहिला नाही, हे मी मघाशी सांगितले. माणूस जातो, शाळेत दरवर्षी नववीचा नवा वर्ग येतो, आणि वही एका वर्गाकडून दुसऱ्याकडे देता येते.

ज्या गुरुवर्यांचे आज स्मरण करतो आहोत, त्यांच्या पिढीने परप्रांतात मराठी शाळा उभ्या केल्या आणि नुसत्या उभ्या करून न थांबता पिढ्यानपिढ्या राखल्या. बांधणे आणि राखणे या दोन क्रियांत दुसरी कमी गौरवाची मानली जाते. ती अधिक कष्टाची आहे. तिच्याकडे आपले लक्ष वेधण्यासाठीच मी हा विषय निवडला.